दुधातलं पाणी आणि 'सगळेच घालतात'

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या अंकात दूधभेसळीच्या बातम्या सलग आल्या. त्यानंतर वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं, की खेड्यातला शेतकरीही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, सगळेच पाणी घालतात, अशांना फासावरच द्यायला हवं. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका महिला दूध संस्थेत टेस्टर आहे. सकाळ-संध्याकाळ गावचं दूध माझ्या हाताखालून जातं. पाणी कोण घालतं, कधी घालतं आणि का घालतं, हे मला रोज जवळून दिसतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण काट्याचा आणि स्लिपचा भाग तेवढा ठेवा.

आधी 'सगळेच' या शब्दाविषयी. २०११ साली देशभरातल्या दुधाच्या १,७९१ नमुन्यांची तपासणी झाली. त्यातले ६८.४ टक्के नमुने निकषात बसले नाहीत. तेव्हापासून 'देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं' हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं ते आजपर्यंत. त्या ६८ टक्क्यांत केवळ फॅट (स्निग्धांश) किंवा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कमी भरलेले नमुनेही धरले होते, हे कुणी सांगत नाही. पुढे २०१८ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने याहून मोठी पाहणी केली. नमुने ६,४३२. आरोग्याला घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. सुमारे ४१ टक्के नमुने पिण्याला सुरक्षित होते, पण फॅट, एसएनएफ अशा कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडले. याची दोन कारणं असू शकतात. एक, दुधात पाणी घातलं. दुसरं, जनावराला धड खायलाच मिळालं नाही. ही दोन दुधं काचेच्या नळीत सारखीच दिसतात. त्यातली कुठली लबाडी आणि कुठली गरिबी, हे ओळखायला गोठ्यापर्यंत जावं लागतं.

युरिया, डिटर्जंट, तेल घालून कारखान्यासारखं दूध तयार करणारे आहेत. त्यांना कायद्याने काय ती शिक्षा व्हावी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ती माणसं वेगळी. हे पत्र त्यांच्याविषयी नाही. जो देवळात पायताण काढून जातो, शेजाऱ्याच्या अडचणीला रात्री उठून धावतो आणि तरीही एखाद्या सकाळी किटलीत तांब्याभर पाणी ओततो, त्याच्याविषयी मला लिहायचं आहे.

पाणी कळतं कसं, हे आधी सांगते. म्हशीचं ९ लिटर दूध आहे, फॅट ७.० आणि एसएनएफ ९.०. त्यात १ लिटर पाणी घातलं की दूध १० लिटर होतं, फॅट ६.३ वर येते आणि एसएनएफ ८.१ वर. दुधाचा दाटपणा दाखवणारा लॅक्टोमीटर दुधात सोडला तर त्यावरची डिग्री उतरलेली लगेच दिसते. दूध तपासायच्या मशीनवर तर अर्ध्या-पाऊण मिनिटात आकडे येतात. मग दर पडतो आणि पाणी घालणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. पाण्याचे पैसे खरे मिळतात ते दोनच ठिकाणी. जिथे रोज टेस्ट होत नाही आणि वहीत फॅट अंदाजाने लिहिली जाते तिथे, आणि रतिबाच्या दुधात. रतिबाचं तर गिऱ्हाईकालाही ठाऊक असतं. तो दर पाडून मागतो, गवळी तेवढं पाणी वाढवतो आणि दोघंही वर्षानुवर्षं त्यावर एक शब्द बोलत नाहीत.

मग जिथे रोज टेस्ट होते तिथे लोक पाणी का घालतात? हिशेबाने पाहिलं तर घालूच नये. मलाही हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं.

आमच्याकडे एक तरुण आहे. दोन एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन या परदेशी जातीच्या) गाई कर्जावर घेतलेल्या, संस्थेत खातं बायकोच्या नावावर. एकदा त्याच्या दुधाची डिग्री ओळीने तीन-चार वेळा खाली आली. सगळे गेल्यावर मी त्याला थांबवलं आणि विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "घातलं वैनी. काटा तुमचा मारतोय, फॅट तुमची मारतीय, पेंडीचं बिल तुम्हीच कापताय. मी एकट्यानं न्हाई घातलं तर काय दूध सुधारणार हाय का गावाचं?" दहा दिवसांच्या बिलातून पेंडीचे पैसे आणि कर्जाचा हप्ता गेला की त्याच्या हातात काय उरतं हे मी लिहिते ना दर वेळी, त्यामुळे त्याचा राग मला कळत होता. पण त्याने पाणी पैशासाठी घातलंच नव्हतं. पैसे फारसे मिळणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं. आपल्याला फसवलं जातंय असं त्याच्या मनाने घेतलं होतं आणि त्याची भरपाई तो त्याच्या परीने करत होता. समोरचा नियमाने खेळत नसेल तर आपणच का खेळायचं, एवढाच त्याचा हिशेब होता.

आणि त्याचं सगळंच म्हणणं चूक नव्हतं, हे मला इथे मोकळेपणाने लिहायचं आहे.

आता काट्याचं सांगते. पुष्कळ संस्थांत वजनकाटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने चालतो. कुणाचं दूध ४ लिटर ८७० मिली भरलं तरी वहीत ४.८ पडतात. वरचे ७० मिली गेले. कुणाचे २० जातात, कुणाचे ९०, सरासरी ५० धरा. दोन वेळचे १०० मिली, महिन्याचे ३ लिटर. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईला ३ लिटर म्हणजे किती, हे शहरात सहज लक्षात येणार नाही. दीडशे उत्पादक असतील तर महिन्याला साडेचारशे लिटर दूध कुणाच्याही नावावर न पडता संस्थेत जमा होतं. त्याला 'घट भरून काढायला लागतं' असं म्हणायची पद्धत आहे. शिवाय सॅम्पल म्हणून प्रत्येकाचं पेलाभर दूध घेतलं जातं. टेस्टला लागतं चमचाभर, उरलेलं परत दिलं जात नाही. काट्यात बिघाड नाही, कुणी खोटं लिहिलं नाही, सगळं रीतसर. पण किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईला स्वतःचं दूध कळतं. घरून निघताना तिने मापून घेतलेलं असतं.

फॅटचंही तसंच. मशीन वेळच्या वेळी जुळवून घेतलं नाही तर ते सगळ्यांचीच फॅट दोन-तीन पॉइंटांनी (एक पॉइंट म्हणजे ०.१) कमी दाखवतं. दूध किटलीत ढवळलं नाही, तर साय वर असते. सॅम्पल वरून घेतलं तर फॅट जास्त दिसते, खालून घेतलं तर कमी. टेस्टरच्या हातात केवढी सत्ता असते ते बघा. त्यातून गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात मोठी, वर गेलं की वाढ लहान. शेतकरी शिकलेला असो वा नसो, हे गणित त्याला बरोबर कळतं.

अशा ठिकाणी 'प्रामाणिक राहा' असा फलक लावून काय होणार?

आता एका आजींची गोष्ट सांगते. एकच म्हैस, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. ऊसतोडीच्या दिवसांत त्यांचं एसएनएफ घसरत घसरत आठच्या खाली आलं. फळीवर बसलेली मंडळी कुजबुजायला लागली, एकाने तर तोंडावरच म्हटलं, "आज्जी, नळ जरा कमी सोडा." आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या गोठ्यात गेले, सोबत सचिवबाई होत्या. आजींनी आमच्यासमोर धार काढली. रेडकू आधी लावलं, पान्हा फुटल्यावर बाजूला बांधलं, आणि शेवटच्या धारा पुन्हा रेडकासाठी ठेवल्या. सॅम्पल तिथेच घेतलं. संस्थेत येऊन टेस्ट केलं तर एसएनएफ तेवढंच, आठच्या खाली. पाण्याचा थेंब नव्हता. म्हैस दोन महिने नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, होती. पेंड परवडत नव्हती, मिनरल मिक्स्चर ठाऊक नव्हतं. आणि फॅटही कमी का लागत होती, तर पहिल्या धारेत फॅट अगदी कमी असते आणि शेवटच्या धारेत तिच्या कितीतरी पट. ती शेवटची धार आजी रेडकाला सोडत होत्या. बाई रेडकाशी प्रामाणिक होती, आमच्याशी प्रामाणिक होती, आणि गावात तिचं नाव पाणी घालणारी म्हणून झालं होतं.

नंतर मला कळलं, की त्या आठवड्यात शेजारणीने त्यांना सल्ला दिला होता, "बोल खाल्लाच हाय, तर आता पाणी घालून पैसे तरी घ्या." आजींनी घातलं नाही. का घातलं नाही, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझं दूध तुझ्या पोरीबी पित्यात की." इतकंच. आमच्या संस्थेचं दूध शाळेजवळच्या घरांत किरकोळही विकलं जातं आणि माझ्या मुली तिथलंच दूध पितात, हे त्यांना माहीत होतं.

मला वाटतं, हेच मूळ आहे. आपलं दूध कुणाच्या पोटात जातं हे दिसत असेल तर हात आखडतो. गाडी आली, कॅन चढले, दूध संघात गेलं, तिथून पिशव्या पुण्या-मुंबईला गेल्या की पिणाऱ्याला तोंड उरत नाही. आणि मापणाऱ्यावरचा विश्वासही गेला असेल तर मग धरून ठेवणारं काहीच राहत नाही. गरज बहुतेक घरांत आहे, पण बहुतेक घरं पाणी घालत नाहीत. फरक पडतो तो या दोन गोष्टींनी.

त्या तरुणाचं आधी काय केलं ते सांगते, कारण त्यातून आम्ही शिकलो. पूर्वी पद्धत अशी होती, की पाणी सापडलं तर नाव फळ्यावर लिहायचं आणि आठ दिवस दूध बंद. याआधी एकाचं नाव असं लिहिलं होतं, तर तो पलीकडच्या गावातल्या एका खाजगी संकलनवाल्याकडे दूध घालायला लागला. तो काही विचारत नव्हता, टेस्टही नीट करत नव्हता. पाणी थांबलं नाही, फक्त आमच्या दारातून त्याच्या दारात गेलं. म्हणून या तरुणाच्या वेळी कार्यकारी मंडळातल्या बायकांनी आधी आपल्याच काट्याकडे बघायचं ठरवलं. बैठक वादळी झाली. संस्थेचं वरचं दूध बंद झालं तर दिवाळीचा फरक, म्हणजे उत्पादकांना दिवाळीला द्यायची जादा रक्कम, कुठून द्यायचा, हा प्रश्न खराच होता. एका ज्येष्ठ सभासद काकूंनी उत्तर दिलं, की रोज कापून दिवाळीला वाटायचं तर आमचंच आम्हाला, त्याला फरक कशाला म्हणायचं.

मग १० ग्रॅमच्या टप्प्याचा काटा आला. काट्याचा आणि मशीनचा आकडा उत्पादकाच्या बाजूला दिसेल असा पडदा भिंतीवर लावला. प्रत्येकाला तिथल्या तिथे छापील स्लिप, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. उरलेलं सॅम्पल त्याच किटलीत परत. शंका असेल त्याला पुढच्या वेळेपर्यंत फेरटेस्ट मागायचा हक्क, त्यासाठी थोडं सॅम्पल झाकून ठेवायचं. आणि दर सोमवारी सकाळचं संकलन झाल्यावर मशीन गर्बर पद्धतीने पडताळायचं, ज्याला बघायचं त्याने बघावं. ते काम मीच करते. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर हळूच १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. काच हाताला पोळते इतकी गरम होते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, गरम पाण्यात ठेवायचं आणि उजेडाकडे धरून पिवळी फॅट किती रेघांपर्यंत आली ते वाचायचं. पहिल्या सोमवारी बघायला गर्दी झाली. तो तरुणही आला होता. मी ब्युटिरोमीटर त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, तूच वाच. त्याने दोनदा वाचलं. मशीनने त्या दिवशी खरंच दोन पॉइंट कमी दाखवले होते. मी सगळ्यांसमोर मशीन जुळवलं आणि त्या सकाळच्या सगळ्यांच्या स्लिपा दुरुस्त करून दिल्या.

त्यानंतर त्याच्या दुधाची डिग्री उतरलेली मी पाहिलेली नाही. पुढे एकदा घाईत माझ्याकडून नव्हे, तर बदलीवर आलेल्या मुलाकडून एका बाईच्या नावावर ४.८ लिटरऐवजी १४.८ लिटर पडलं. ती स्लिप घेऊन घरी गेली, सुनेने वाचून दाखवली, आणि ती अर्ध्या तासात उन्हातून परत आली. दहा लिटर म्हणजे तिचं दोन वेळचं दूध. तिला कुणी पकडणार नव्हतं. माणसांना संधी मिळाली की ती फसवतातच, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही स्लिप बघावी. ती अजून फाईलला आहे.

सगळं सुधारलं असं नाही. रात्री उशिरा येणाऱ्या एक-दोन किटल्यांवर अजून माझी नजर असते. उन्हाळ्यात एसएनएफ खाली आलं की कुजबूजही सुरू होते. पण गावच्या स्लिपांची सरासरी आणि संघाने आमच्या एकत्र दुधाची लावलेली फॅट-एसएनएफ, हे दोन्ही आता जवळजवळ जुळतं. पूर्वी कधी जुळत नसे. आणि याचा फायदा जिने कधीच पाणी घातलं नव्हतं तिला सगळ्यात जास्त झाला. कारण शेवटी सगळ्यांचं दूध एकाच बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीत, पडतं. एकाच्या पाण्याने सगळ्यांच्या दुधाची प्रत उतरते, एकाच्या आंबूस दुधाने अख्खा कॅन नासतो.

यात आम्ही नवीन काही शोधलेलं नाही. १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्यात दूध संघ उभा राहिला, तोही व्यापाऱ्याच्या मनमानी दराला आणि मापाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांचाच. दोन्ही वेळचं दूध गावातच मापून, तपासून, त्या प्रतीप्रमाणे पैसे द्यायचे, ही सहकारी दुधाची मुळातली रीत. आज मशीन आली, सॉफ्टवेअर आलं, पण पुष्कळ ठिकाणी आकडा दाखवणारा पडदा अजून टेस्टरच्याच बाजूला तोंड करून आहे.

फाशी मागणाऱ्या गृहस्थांना म्हणून मला इतकंच सांगायचं आहे, की लोक पाणी घालतात ते शिक्षा कमी आहे म्हणून नव्हे. अन्न सुरक्षा कायद्यात कमी प्रतीच्या मालालाही पाच लाखांपर्यंत दंड आहे. एका म्हशीवाल्या बाईला तो आकडा काय आणि फाशी काय, दोन्ही सारखेच लांबचे. तिला जवळचा आहे तो काटा. वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक वर्षातून एकदा न सांगता आला, काटा कितीच्या टप्प्याने चालतो ते बघितलं आणि मशीन गर्बरशी पडताळून घेतलं, तर धाडींपेक्षा जास्त पाणी थांबेल असं मी अनुभवावरून म्हणते. संस्थांनी स्लिप छापील द्यावी, फेरटेस्टचा हक्क फलकावर लिहावा. खाजगी संकलन केंद्रांनाही हेच लागू व्हावं, नाहीतर प्रामाणिक संस्था तोट्यात जाईल.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. धाड पडली, दूध ओतलं, याची बातमी फोटोसह पहिल्या पानावर येते. कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालात काय निघालं, युरिया निघाला की नुसतं एसएनएफ कमी होतं, की काहीच निघालं नाही, हे मी आपल्या अंकात शोधत असते. ते क्वचितच सापडतं. ज्याचं दूध ओतलं त्याचा अहवाल चांगला आला असेल तर तोही त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापावा. आमच्या फळीवर बसणारी मंडळी संस्थेत आलेलाच पेपर वाचतात आणि त्यांना वाचून दाखवायला मी तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक दूध संस्था कर्मचारी,
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर